चारच टोले

८ सप्टेंबर, सोमवार

जुनी डायरी पुरात गेली. कपाटाच्या खालच्या खणात होती, हजेरीपटांच्या शेजारी. पांगरखेडच्या जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक म्हणून (प्रभारी का होईना) मला हजेरीपटांचं वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर डायरीचंच जास्त वाटलं. ही नवी हिमायतनगरच्या खतवाल्यानं फुकट दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी सोयाबीनवरच्या किडींची माहिती आहे. यंदा शिवारात सोयाबीनच उरलं नाही, किडी बिचाऱ्या कुठं जाणार.

पूर २९ ऑगस्टला आला. सकाळची शाळा भरलेली होती आणि पैनगंगा खालच्या आळीत शिरली. शाळा उंचवट्यावर, आणि गावात पक्का स्लॅब असा तिचाच. मी घंटा वाजवली, गाव वर आलं, स्लॅबवर बसलं, दुसऱ्या दिवशी बोटी आल्या. गुरं गेली, घरं गेली, माणूस एकही गेला नाही. त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

आज वर्ग उघडले. आत गुडघाभर गाळ. पहिली-दुसरीच्या भिंतीवर बेचा पाढा रंगवलाय, तो बे पंचे दहापर्यंत शाबूत, पुढचा गाळाखाली. म्हणजे दुसरीच्या पोरांना येतो तेवढाच वाचला.

घंटा मात्र जागेवर आहे. आमची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, व्हरांड्याच्या कडीला साखळीनं टांगलेला. हातोडा तेवढा वाहून गेला. तो आधी आणायला हवा. गावाला घड्याळ आहे, मोबाइल आहे, पण दिवस सुरू होतो तो माझ्या चार टोल्यांनी. आमच्या खिचडीवाल्या भामाबाईंना हे बोललो तर म्हणाल्या, "गुर्जी, आधी माझं पातेलं बघा. पोरं काय हातोडा खातेत का?"

१० सप्टेंबर, बुधवार

गाळ उपसला. आप्पासाहेब शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांचं सगळं पीक वाहून गेलंय, तरी ट्रॅक्टरला पाण्याची टाकी जोडून सकाळीच हजर. बुद्ध विहारात राहायला गेलेली खालच्या आळीतली पोरं खराटे घेऊन आली. ऑफिसच्या टेबलाखाली साप निघाला. मी खुर्चीवर उभा राहून सूचना देत होतो. माझ्या जोडीच्या शिक्षिका बुद्धप्रिया मॅडम नांदेडच्या. त्यांनी काठीनं साप बाहेर काढला आणि नंतर दिवसभर माझ्याकडं बघून हसू दाबत राहिल्या. मी तो विषय वाढवला नाही.

नवा हातोडा आला. जरा जड आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

केंद्रप्रमुख मल्लिकार्जुन सर आले. माणूस चांगला, पण खिशात नेहमी वरचा आदेश. भिंतींना हात लावून बघितला, बाकं बघितली आणि म्हणाले, "दसऱ्याच्या आत तुमची पोरं इथं रोज बसलेली दिसली पाहिजेत. नाहीतर तात्पुरती शेजारच्या गावच्या शाळेत बसवू."

तात्पुरती! आधीच पट कमी. मधे ओढा, त्याचा पूल पुरात खचलेला. पोरं एकदा तिकडं गेली की या शाळेला टाळं लागलं म्हणून समजायचं, आणि लहान पोरी तर ओढ्यापाशीच परत फिरतील. मी म्हटलं, सोमवारपासून शाळा भरेल. तोंडातून गेलं खरं.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज शाळा भरायची होती.

पोरं सकाळी वेळेत यायला लागली होती. अर्धी मैदानात, अर्धी वाटेवर. मी नवा शर्ट घातला होता. घंटेजवळ गेलो आणि नेहमीचे चार टोले दिले.

पुढं काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. दुसरीची पोरं दप्तरासकट जिन्यानं थेट स्लॅबवर गेली. वाटेवरची माघारी पळाली. गल्लीतून बायका धावत वर आल्या. चौथीतल्या प्रेमची आई सरजाबाई तर कणकेच्या हातांनी, अनवाणी. पोराचं मनगट धरलं आणि घेऊन निघाली. मी विचारलं तर खाली बघून म्हणाली, "भिंती वल्ल्या हायत गुर्जी. वाळू द्या."

मैदान रिकामं झालं. भामाबाईंची खिचडी तशीच राहिली.

मॅडम मला म्हणाल्या, "सर, किती वेळ वाजवत होता?"

म्हटलं, "चारच टोले दिले की." त्यांनी माझ्या तळव्याकडं बघितलं.

उजव्या तळव्याला फोड आलाय. हातोडा जडच आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

भिंतींचा प्रश्न काल मिटवला. इंजिनिअर आणून भिंती दाखवल्या, चुना मारून घेतला.

आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. शाळेचं झेंडावंदन म्हणजे गावाचं झेंडावंदन, त्यामुळे सकाळीच सगळं गाव मैदानात. एकूण एक पोर आलं! आप्पासाहेबांनी भाषण केलं, त्यात माझं नाव इतक्या वेळा घेतलं की मी झेंड्याच्या दोरीशी चाळा करत बसलो. "ह्या माणसानं घंटा वाजिवली म्हून आज आपुन हितं उभे हाव," म्हणाले. म्हाताऱ्या बायांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. पोरं चिवडा खाऊन दुपारपर्यंत वर्गातच खेळली, कुणाला भिंती ओल्या लागल्या नाहीत.

गाव माझ्यावर नाराज नाही, एवढं तर कळलं. जीव भांड्यात पडला. उद्यापासून शाळा सुरळीत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

घंटा दिली. पुन्हा तेच. पोरं मैदानातून पळाली, आया आल्या आणि घेऊन गेल्या. आज कारण कपड्यांचं. "गणवेश वाहून गेला, उघडं धाडावं का?" कालच्या झेंड्याला ही पोरं काय घालून आली होती, असं ओठांवर आलं होतं. पण आईला असं विचारता येत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

मॅडमनी नांदेडच्या त्यांच्या जुन्या कॉलेजात शब्द टाकला होता. आज दुपारी टेम्पो आला, गणवेश, दप्तरं, चपला. पोरं तीनलाच जमली आणि तिथंच कपडे घालून मिरवली. भामाबाईंची नात महामाया, चौथीतली, ओळीत सगळ्यांच्या पुढं उभी, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून बसेचना. भरून आलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

नवे गणवेश घालून पोरं घरात! सकाळी आली होती, मी डोळ्यांनी बघितली. घंटा झाली आणि पाच मिनिटांत मी, मॅडम, आणि मैदानात एक शेळी. आजचं कारण ताप. साऱ्या गावाला एकाच मिनिटाला ताप आला.

आता मात्र मला राग आलाय. कारणं दूर करावीत तशी नवी निघतात. घंटा जरा जोरात द्यावी का? खालच्या आळीत पोहोचत नसेल.

मुरूडहून आईचा फोन होता. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "तू काय कमी हुतास व्हय? भूकंप झाला तवा तू पहिलीत. तिकडं किल्लारीत एवढं झालं, आपलं मुरूड नुसतं हाललं. पण पुढं कितीक दिवस भांड्यावरचं झाकण वाजलं की तू अंगणात. हातात घास असला तरी." आईला जगातल्या कुठल्याही गोष्टीची सांगड त्या भूकंपाशी घालायची सवय आहे. म्हटलं, बरं, औषधं वेळेवर घे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मल्लिकार्जुन सरांचा निरोप आला, मंगळवारी येतोय. त्यांना थोडा धीर यावा म्हणून एक युक्ती काढली. मॅडमना म्हटलं, मी घंटा देताना व्हिडिओ काढा, केंद्राच्या ग्रुपवर टाकू, शाळा रोज वेळेवर भरते हे तरी दिसेल. त्या म्हणाल्या, "खरंच काढू सर?" म्हटलं, काढा की.

काढला. मैदान नेहमीप्रमाणे रिकामं झालं, तेवढा भाग कापायला सांगितला. मॅडमनी ग्रुपवर टाकला नाही, मला पाठवला. खाली लिहिलंय, "आधी तुम्ही बघा, सर. एकट्यानं बघा."

नांदेडची माणसं उगाच गंभीर होतात. उद्या बघू.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बघितला.

तो चार टोले देऊन थांबत नाही. थांबायचं नावच घेत नाही. दोन्ही हातांनी हातोडा धरलाय आणि रूळ बडवतोय. पोरं त्याच्या बाजूनं जिन्याकडं पळतायत आणि त्याचं त्यांच्याकडं लक्षच नाही. तो नदीकडं बघतोय. मागून मॅडमचा आवाज, "सर, बस्स. सर." मग भामाबाई येतात, त्याच्या कोपराला हात लावतात, हातोडा काढून घेतात. मग तो शर्ट नीट करतो आणि कॅमेऱ्याकडं बघून हसतो.

तो मी आहे. भामाबाईंनी हात लावल्याचं मला आठवतही नाही.

आज शाळेत गेलो नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

सरजाबाईंच्या दारात गेलो. मोबाइल दाखवायला काढला तर तिनं बघितलाही नाही. "आमाला ठावं हाय गुर्जी," म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाही?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "कसं सांगावं? त्याच घंटीनं आमी वाचलाव. ती तशी वाजली की पाय आपोआप पळतेत, पोरगं कवळ्यात घेतल्याबिगर जीव ऱ्हात न्हाई. पर ज्यानं वाचिवलं त्याला म्हनावं का, गुर्जी, वाजवू नका म्हून? वाईट वाटंल की तुमाला. म्हून समद्यांनी ठरीवलं, भिंतीचं सांगू, कपड्याचं सांगू."

म्हणजे सगळं गाव मला सांभाळून घेत होतं, आणि मी त्यांच्यावर चिडून इंजिनिअर आणत होतो.

आता त्या दिवसाचं लिहितो. पोरं शाळेतच होती, त्यांना स्लॅबवर चढवलं. गाव वर आलं. पण महामाया तापानं घरी होती आणि भामाबाई तिच्यापाशी, खालच्या आळीच्या अगदी टोकाला. पाऊस असा की समोरचं लिंबाचं झाड दिसेना. कुणी खाली जाऊ शकत नव्हतं. मी घंटा वाजवत राहिलो. पाणी व्हरांड्यात आलं, पोटऱ्यांना लागलं, गुडघ्याला लागलं. हात थांबला तर त्या दोघींना शाळा कुठल्या दिशेला ते कळणार नाही, एवढं एकच डोक्यात होतं. किती वेळ वाजवली माहीत नाही. मग त्या पाण्यातून भामाबाई दिसल्या, नात खांद्यावर. वर आल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "आवाजाकडं तोंड करून चालले, गुर्जी." ते ऐकून मी मान हलवली आणि हजेरी घ्यायला लागलो होतो, असं मॅडम सांगतात.

लिहून झालं. बरंच रडलो. बरं वाटलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

हातोडा ऑफिसात कुलपात ठेवला. घंटा नाही. मॅडम नुसत्या फाटकात उभ्या राहिल्या, मी व्हरांड्यात. पोरं आली, इकडं तिकडं बघितलं, वर्गात बसली. संध्याकाळपर्यंत बसली! सगळी नाही, पण बरीच. घंटेशिवाय शाळा म्हणजे मिठाशिवाय वरण, पण ताटात वरण तरी आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

हे नीट लिहायला हवं.

मल्लिकार्जुन सर अकराला आले. वर्ग भरलेले. पोरांनी पाढे म्हटले, प्रेमनं तर भिंतीवरचा बुडालेला भागही तोंडपाठ म्हटला. सर खूश. बाराच्या सुमाराला पोरं हात धुवायला सुटली आणि नेहमीप्रमाणे मैदानात सांडली. भामाबाई चुलीपाशी ओरडून ओरडून बेजार, गेले काही दिवस त्यांचा घसा बसलाय. कोण ऐकतंय. मी सरांना ऑफिसात शेरा लिहायला बसवत होतो आणि बाहेरून भामाबाईंचं ऐकू आलं, "खिचडी गार होऊन राहिली, आन् ह्यांला खेळ सुचून राहिला!"

आणि टण्णकन आवाज.

त्यांनी खिचडी ढवळायचा लोखंडी सराटा घेऊन रुळावर हाणला होता. एक, मग आणखी एक.

आता पोरं जिन्याकडं पळणार, आया धावत येणार, आणि हे सगळं केंद्रप्रमुखांच्या डोळ्यांदेखत. संपलीच शाळा, असं वाटलं. मी दारात जाऊन उभा राहिलो.

पोरं जागच्या जागी थांबली होती. सगळी वळून घंटेकडं बघत होती. रुळाला खिचडीची पिवळी शितं चिकटलेली, सराट्यावरून हळदीचं पाणी गळतंय, आणि भामाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. महामाया सगळ्यात आधी हलली. ती हसली. "आजी, घंटीला खिचडी चारून राहिली का?" म्हणाली आणि ताट घेऊन पळत आली. तिच्यामागं सगळी. एकही पोर जिन्याकडं गेलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी सरजाबाई आणि दोघी-तिघी आल्या होत्या. पोरं पंगतीत बसलेली दिसली तशा तिथंच थबकल्या. मग एकमेकींकडं बघून हसल्या आणि माघारी गेल्या.

सरांनी शेऱ्यात लिहिलं, "उपस्थिती समाधानकारक. पोषण आहाराची वेळ घंटा देऊन पाळली जाते." बाहेर पडताना म्हणाले, "पोरं इथंच राहू द्या. मी वर सांगतो." आमची शाळा आमच्याच गावात राहिली! मॅडमनी टाळीसाठी हात पुढं केला. मी सरांसमोरच दिली.

संध्याकाळी आईला फोन केला. विचारलं, "भूकंपानंतर माझी ती झाकणाची भीती गेली कशी?"

"गेली कुटं? झाकण वाजवून तुला जेवायला बोलवायची मी. उपाशी किती पळशील?"

४ ऑक्टोबर, शनिवार

दसरा झाला. विहारातल्या घरांनी धम्मचक्राच्या दिवशी सगळ्या गावाला खीर वाटली, आप्पासाहेबांच्या घरचं सोनं मला तीनदा मिळालं. खालच्या आळीतली बरीच कुटुंबं आपल्या घरी परतली.

दुपारची घंटा आता भामाबाईंच्या सराट्याची. सकाळचे चार टोले महामाया देते. हातोडा दोन्ही हातांनी धरते, टोल्यागणिक मागं वळून पोरांकडं बघते आणि चार झाले की हातोडा खाली ठेवते. इतकं सोपं आहे ते. मी तिच्या मागं उभा राहून मनातल्या मनात मोजतो. अजून हातोड्याला हात लावलेला नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. सुट्टीची घंटा चार टोल्यांची नसते. ती लांब असते, सलग वाजवतात, अगदी त्या दिवशीसारखी. म्हणून इतके दिवस ती देणंच टाळलं, रोज पोरांना नुसतं "जा" म्हणायचो. पण आज पोरं ऐकेनात. दिवाळीची सुट्टी घंटेशिवाय म्हणजे सुट्टीच नाही, आणि घंटा सरांनीच वाजवायची, असं सगळ्यांचं ठरलेलं. प्रेमनं हातोडा आणून माझ्या हातात दिला.

मॅडमनी सकाळीच गल्लीत निरोप दिला होता, "चारला सुट्टीची घंटा होणार, सर देणार." भामाबाई पातेलं घासायचं सोडून दारात उभ्या राहिल्या. महामायाला म्हटलं, "तू माझ्यापाशी थांब. मी विसरलो तर बस्स म्हण."

"म्हनते," ती म्हणाली.

मी वाजवायला लागलो. पोरं आरडाओरडा करत फाटकातून सुटली, उताराच्या वाटेनं, खालच्या आळीकडं, नदीच्या बाजूला. माझी नजर नदीकडं गेली. ऊन होतं. पाणी पार खाली, पात्रात, आपल्या जागी. मला ते दिसत होतं तरी हात थांबेना. पोरं एकेका दारात शिरत होती, आया दारातूनच हाका मारत होत्या, वर कुणीच येत नव्हतं, आणि मी वाजवतच होतो.

महामायानं माझ्या कोपराला हात लावला, तिच्या आजीसारखाच.

"बस्स की सर," म्हणाली. "समदे घरी पोचले."

मी थांबलो.